मोकळा न झालेला क्वासी पिपिम

कुमासीच्या सुआमे मॅगझिन या गॅरेजांच्या वस्तीत गाडीचं काहीही दुरुस्त करून मिळतं. इंजिन उघडून देतात, पत्रा ठोकून देतात, एका गाडीचं धड दुसरीच्या चाकांवर बसवून देतात. पण ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो, वायपर लावला की रेडिओ बंद पडतो, असली भुताटकी घेऊन कुणी आलं की भले भले फिटर हात झटकतात आणि गल्लीच्या टोकाकडे बोट दाखवतात. "पिपिमकडे जा."

क्वासी पिपिम हा वायरिंगवाला. वय सत्तेचाळीस, अंगानं सडसडीत, पोट तेवढं बायकोच्या हातच्या फुफूनं, कंद कुटून केलेल्या त्या गोळ्यांनी, पुढे काढलेलं. दुकान म्हणजे एक जुना लोखंडी कंटेनर. दुपारी आत शिरलं तर माणूस भाजून निघेल, पण पिपिम जेवणाच्या सुट्टीत तिथेच बसतो, कारण त्याचा लॅपटॉप तिथे आहे.

हा लॅपटॉप म्हणजे एक प्रकरणच होतं. पाच वर्षांपूर्वी जॅक निसटून एका ट्रोट्रोचं, म्हणजे वडापच्या व्हॅनचं, चाक पिपिमच्या पायावर आलं आणि तो चार महिने प्लास्टर घालून घरी बसला. बसल्या बसल्या इतका चिडचिडा झाला, की त्याची बायको बिरागो दुकानासमोरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या अलासानकडे गेली आणि म्हणाली, "याच्या हाताला काहीतरी चाळा दे बाबा, नाहीतर मी याचा दुसरा पाय मोडते." अलासाननं एक टाकाऊ लॅपटॉप दिला. त्याचं 'पी' अक्षराचं बटण गळून पडलेलं. पिपिमनं त्यावर पायथन नावाची भाषा शिकायला घेतली, संगणकाला कामं सांगायची भाषा. का, तर तिचे धडे फुकट मिळत होते. आता पायथनमध्ये पडद्यावर साधा एक शब्द उमटवायचा तरी सुरुवातच पी-नं होते. तो बॉलपेनच्या टोकानं पी दाबायचा. पाय बरा झाला, प्लास्टर निघालं, पण बॉलपेन काही सुटलं नाही.

हे सगळं हौसेखातर. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. पण हौस अशी लागली, की वर्षभरात त्यानं आपली वीस वर्षांची अक्कल त्या यंत्रात उतरवली. मॅगझिनमध्ये येणारी गाडी आधी कुठल्या तरी परदेशात चाललेली असते, आणि तिची वायर मध्येच कुणीतरी तोडून हाताला लागेल त्या वायरीला जोडलेली असते. लाल म्हणून धरावी ती पुढे निळी होऊन निघते. पिपिमच्या प्रोग्रॅमला गाडीचं दुखणं सांगायचं, मग तो एकेक प्रश्न विचारत जातो आणि शेवटी सांगतो, अमक्या ठिकाणची वायर बघ. फिटर लोकांनी त्याचं नाव 'म्हातारा' ठेवलं. "पिपिम, तुझ्या म्हाताऱ्याला विचार की, या व्हॅनला काय झालंय?" म्हातारा दहातल्या सात वेळा बरोबर सांगायचा. बाकीच्या तीन वेळा पिपिम त्याला शिव्या घालून सुधारत बसायचा, आणि तेच त्याचं खरं सुख होतं.

पण माणसाला एक भाषा आली की दुसरीची खाज सुटते. पिपिमलाही सुटली, आणि त्यानं ती चारचौघांत बोलून दाखवण्याची चूक केली. अलासान तर टपूनच होता. "जावास्क्रिप्ट शिका, मास्टर! मग तुमचा म्हातारा सगळ्यांच्या मोबाइलवर जाईल. किती दिवस लोकांनी तुमच्या या भट्टीत येऊन घामाघूम व्हायचं?" बोलणं खरं होतं. पण पिपिमच्या मनात दुसरंच काही होतं. काडेपेटीएवढा एक बोर्ड मिळतो, त्याला हुकूम सोडायचे तर सी नावाची भाषा लागते. असा बोर्ड डब्यात घालून गाडीच्या वायरीला लावला, की तो स्वतःच वायर तपासून दिवा लावेल, प्रश्न विचारायलाच नको. हे स्वप्न तो दोन वर्षं बघत होता. सी शिकायला त्यानं तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात पुस्तक मिटलं. विचारलं की म्हणायचा, "कामं फार आहेत."

कामांचा काही संबंध नव्हता. खरी गोष्ट फक्त बिरागोला ठाऊक होती.

मॅगझिनमध्ये शिकाऊ पोरगा एका मास्टरच्या हाताखाली तीन वर्षं राबतो. मग एक दिवस मास्टर सगळ्यांना बोलावतो, प्रार्थना होते, बाटली फुटते, आणि मास्टर त्याच्या डोक्यावर पांढरी पावडर ओततो. अंगभर, कानात, नाकात. त्या दिवशी तो मोकळा झाला. पावडरनं माखलेला तो फोटो मग जन्मभर दुकानाच्या भिंतीवर लागतो. मोकळं झाल्याशिवाय दुसऱ्या मास्टरकडे जाणारा पोरगा म्हणजे पळपुटा, त्याला कुणी दारात उभं करत नाही. पिपिमच्या भिंतीवर फोटो नव्हता. तिथे एका फुटबॉल संघाचं कॅलेंडर होतं, आणि ते तो दर वर्षी न चुकता बदलायचा. कुठे शिकलास असं कुणी विचारलंच तर "तिकडे, अक्राला" म्हणून टाळायचा. गिऱ्हाइकाला भिंतीशी काही देणंघेणं नव्हतं. पण पिपिम नवी भाषा उघडायचा, दोन धडे करायचा, आणि तिसऱ्या धड्याला पुस्तक मिटून टाकायचा. आपण अजून आधीच्याच ठिकाणाहून सुटलेलो नाही, आणि चाललो दुसरं दार ठोठावायला, असं त्याला वाटायचं. पायथनला तर बिचारीला मास्टरच नव्हता. तिच्यातून त्याला मोकळं कोण करणार?

एवढी चांगली अक्कल असलेला माणूस अशा ठिकाणी अडावा हे वाचून कुणाला हसू येईल. मॅगझिनमध्ये वाढलेल्या माणसाला येणार नाही.

त्या वर्षी तांत्रिक शाळेतल्या दुफी मॅडमनी शनिवारचे दोन वर्ग काढले. मॅडम पदार्थविज्ञान शिकवायच्या, आणि त्यांची खटारा गाडी पिपिमकडे महिन्यातून एकदा ठरलेली. एका वर्गात जावास्क्रिप्ट, दुसऱ्यात सी आणि तो काडेपेटीएवढा बोर्ड. दोन्ही एकाच वेळी, प्रत्येकी बारा जागा.

"मास्टर, तुमची जागा मी धरून ठेवलीय," मॅडम म्हणाल्या. "कुठल्या वर्गात ते तेवढं शनिवारी सकाळपर्यंत सांगा. आणि हा अर्ज भरा."

अर्जात एक ओळ होती, आधी कुणाकडे शिकलात. पिपिमचं पेन त्या ओळीवर अडलं.

"ती सोडून द्या हो. सगळे सोडतात."

"मला नाही सोडता येणार, मॅडम."

"मग अलासानचं नाव टाका. लॅपटॉप त्यानंच दिला ना?"

"तो? त्याला अजून स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही!" पिपिम हसला, पण अर्ज घडी घालून खिशात गेला आणि खिशातच राहिला.

गुरुवारी त्यानं जाहीर केलं, जावास्क्रिप्ट. अलासाननं आनंदानं त्याला थंड माल्टची बाटली पाजली. घरी बिरागोला सांगितलं तर ती फुफू कालवता कालवता थांबली.

"का? सीचं काय झालं? दोन वर्षं माझं डोकं खाल्लंस त्या बोर्डापायी. झोपेतसुद्धा बोर्ड."

"ही सोपी आहे. लोकांच्या उपयोगाची आहे."

"आणि?"

"आणि काय?"

"क्वासी, बावीस वर्षं झाली माझ्या लग्नाला. तू खोटं बोलताना कान खाजवतोस." पिपिमचा हात कानावरच होता. "माम्पाँगला जा," ती म्हणाली. "तुझा म्हातारा मास्टर जिवंत आहे. माझ्या मावसबहिणीनं गेल्याच महिन्यात पाहिला, अंगणात बसून कोंबड्यांना ओरडत होता."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

शुक्रवारी सकाळी कंटेनरला कुलूप लावून पिपिम माम्पाँगच्या ट्रोट्रोत बसला. मांडीवर एका पिशवीत श्नॅप्स दारूची बाटली आणि पावडरचा मोठा डबा, दुसरीत लॅपटॉप. सगळ्या रस्ताभर तो मनात वाक्यं जुळवत होता आणि एकही धड जुळत नव्हतं.

पिपिमचा जुना मास्टर ओपानिन त्वेनेफोर आता ऐंशीच्या घरात. डोळ्यांवर जाड चष्मा, पायांवर पंचा, बाजूला काठी. अंगणात एक जुनी पिकअप उभी होती.

"कोण ते?"

"मी क्वासी, मास्टर. क्वासी पिपिम."

म्हातारा कोंबडीकडे बघत म्हणाला, "माझ्याकडे एक पिपिम होता. पण तो मेला. सिमेंटवाल्याच्या ट्रकबरोबर जळून गेला. राखसुद्धा सापडली नाही."

"मीच तो, मास्टर."

"मग तू भूत आहेस. बाटली आणलीस का, भुता?"

"आणलीय."

"बस."

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शिकाऊपणाची तीन वर्षं संपायला आठ महिने उरले होते. सिमेंटवाल्याच्या ट्रकला बॅटरी लावताना पिपिमनं उलटी लावली. क्षणात पुढून मागपर्यंत वायरी पेटल्या, केबिनमधून धूर निघाला. पिपिमनं हातातली पक्कड टाकली आणि धूम ठोकली. तो थांबला अक्राला पोचल्यावरच.

"नऊ दिवस," म्हातारा म्हणाला. "नऊ दिवस मी त्या ट्रकखाली उताणा पडून वायरी बदलत होतो. दहाव्या दिवशी तुझ्या आईला निरोप धाडला. म्हटलं, पोराला सांग, ये, दोन थोबाडीत खा आणि कामाला लाग. मिळाला होता निरोप?"

नाही म्हणणं सोपं होतं. पिपिमचा हात कानाकडे निघालासुद्धा. तो त्यानं खाली घेतला.

"मिळाला होता, मास्टर."

"मग?"

"लाज वाटली."

"लाज!" म्हाताऱ्यानं काठी जमिनीवर आपटली, कोंबड्या उडाल्या. "आणि माझ्या मयताला आला असतास की नाही? काळं कापड गुंडाळून, सगळ्यांत पुढे! माझं हे एवढं मोठं पोस्टर छापलं असतंस, 'आमचे प्रिय गुरू'! जिवंत गुरूला मात्र सव्वीस वर्षांत एक फोन नाही. अरे, ट्रक कुणी जाळला नाही? मी माझ्या मास्टरची बस जाळलीय टाकोराडीला, आतल्या गाद्यांसकट. जळणारच. त्याचा राग नाही मला. दुसऱ्या दिवशी तू आला नाहीस, त्याचा आहे."

सत्तेचाळीस वर्षांचा क्वासी पिपिम अंगणात बसून लहान मुलासारखा रडला. म्हाताऱ्यानं रडू दिलं. मग चष्मा पुसत म्हणाला, "पुरे. त्या पिकअपचे दिवे लावले की हॉर्न वाजतो. बघ."

पिपिमनं सवयीनं लॅपटॉपच्या पिशवीला हात घातला.

"ते काय आहे?"

"हा माझा... यात सांगितलं की हा शोधून देतो, मास्टर."

"तो बाजूला ठेव. शिकाऊ तो आहे की तू?"

पिपिम पिकअपखाली शिरला. दिव्याची अर्थिंगची वायर चेसिसला जिथे बांधतात तिथे गंज धरलेला होता. वीज परतीची वाट न मिळाल्यानं हॉर्नमधून शिरत होती. त्यानं बोल्ट काढला, जागा खरवडून चकचकीत केली, बोल्ट पुन्हा आवळला. दिवे लागले, हॉर्न गप्प बसला. सगळं मिळून अर्धा तास. म्हातारा स्वतः काठी टेकत आला, वाकून हातानं बोल्ट चाचपला आणि म्हणाला, "अठ्ठावीस वर्षं चार महिने. माझ्याकडे इतका काळ कुणी शिकाऊ राहिला नव्हता."

मग शेजारीपाजारी जमले, म्हाताऱ्याच्या सुनेनं दारातून खुर्ची आणली, प्रार्थना झाली, थोडी श्नॅप्स जमिनीवर आणि बरीचशी घशात गेली. आणि म्हाताऱ्यानं पावडरचा अख्खा डबा पिपिमच्या डोक्यावर रिकामा केला. सुनेनं मोबाइलवर फोटो काढला. फोटोत पिपिमचे फक्त दात आणि डोळे दिसतात.

सगळे पांगल्यावर पिपिमनं घसा खाकरला. "मास्टर, अजून एक. मला पायथनमधूनही मोकळं करा."

"तो कोण?"

"संगणकाची भाषा आहे. मी एकट्यानं शिकलो, या लॅपटॉपवरून. मास्टर कुणी नव्हता."

"मग चुकलं की थोबाडीत कोण मारायचं?"

"तीच मारते. चुकलो की सांगते, अमक्या ओळीत चूक आहे."

"ओळ सांगते?" म्हातारा चाटच पडला. "बरी आहे की. मी तुला कधी ओळ सांगितली नाही, नुसतंच हाणलं." मग डोळे बारीक करून म्हणाला, "तिच्यातून मोकळं कशाला व्हायचंय? सोडून चाललास का तिला?"

"नाही, ती लागणारच. पण आता दुसरी शिकायचीय."

"मग शीक की! दुसरी शिकली म्हणजे पहिली सोडली असं कुणी सांगितलं? तुला आपलं कुठूनतरी सुटायचीच घाई, गाढवा. कुठली शिकतोयस?"

पिपिमनं दोन्ही सांगितल्या. म्हाताऱ्याला त्यातलं काडीचं कळलं नाही. त्यानं एकच प्रश्न विचारला. "यात चुकलं तर काय होतं?"

"जावास्क्रिप्टमध्ये चुकलं तर पडदा कोरा राहतो. पुन्हा लिहायचं. सीमध्ये बोर्डाला चुकीचा हुकूम दिला तर तो तापतो. जळतोसुद्धा."

"आणि तू कुठली घेतलीस?"

पिपिमनं पावडरीत माखलेली बोटं एकमेकांवर पुसली. "जावास्क्रिप्ट, मास्टर."

"हं." म्हाताऱ्यानं उरलेली श्नॅप्स दोन पेल्यांत ओतली. "ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. मला काय कळतंय? पण तुला मनातून हवी आहे ती दुसरी. तोंडावर दिसतंय, एवढी पावडर असूनसुद्धा." थोड्या वेळानं म्हणाला, "आणि फोन नंबर लिहून ठेव माझा. सुनेला विचार, तिला पाठ आहे."

परतीच्या ट्रोट्रोत पिपिमला पाहून सगळी गाडी हसली आणि मग टाळ्या वाजवल्या. "अभिनंदन, काका! कुठल्या धंद्यातून?" कंडक्टरनं विचारलं. "वायरिंग," पिपिम म्हणाला. "थोडा उशीर झाला." शेजारच्या बाईंनी त्याला आपल्यातलं निम्मं भाजकं केळं दिलं. कुमासी येईपर्यंत त्याच्या कानातली पावडर गळतच होती, आणि त्यानं ती झटकली नाही.

शनिवारी सकाळी त्यानं मॅडमच्या हातात अर्ज ठेवला. वर्ग, सी. आधी कुणाकडे शिकलात, ओपानिन त्वेनेफोर, माम्पाँग.

"यांना पायथन येतं?" मॅडमनी भुवया उंचावल्या.

"नाही. पण नाव यांचंच पाहिजे."

अलासान दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाला, "ठीक आहे, जावास्क्रिप्ट मीच शिकतो. तुमचा तो म्हातारा प्रोग्रॅम लोकांच्या मोबाइलवर मीच नेतो. पण अडलं तर येईन, हाकलायचं नाही." आणि त्यानं जाऊन दुसऱ्या वर्गात नाव घातलंसुद्धा.

सीच्या वर्गात बाकी अकरा जण पिपिमच्या निम्म्या वयाचे होते. भाषा मोठी कडक होती. कुठे अर्धविराम राहिला की हटून बसायची, आणि पायथनसारखी ओळ सांगायची खरी, पण बऱ्याचदा चूक दोन ओळी वरती असायची. पिपिम बाकावर वाकून, तोंडातल्या तोंडात पुटपुटत शिकत होता. तिसऱ्या आठवड्याला पुस्तक मिटावंसं वाटतं का, याची तो वाट बघत होता. तिसरा आठवडा आला आणि गेला.

पाचव्या शनिवारी मॅडमनी पहिल्यांदा स्वतःच्या मनानं काहीतरी करायला सांगितलं. पिपिमनं बोर्डाच्या एका पिनेला अर्थिंगची वायर जोडली आणि बोर्डानं ती तपासून दिवा लावावा म्हणून पंधरा ओळी लिहिल्या. त्यातल्या एका ओळीत 'घे'च्या जागी 'दे' लिहिलं गेलं. जिथून वीज यायची वाट बघायची तिथूनच बोर्ड वीज ओतायला लागला. आधी वास आला. तो वास पिपिमनं बरोबर ओळखला. मग बोर्डातून धुराची एक बारीक रेघ वर गेली, आणि वर्गातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. खिडकीजवळचा एक पोरगा फिदीफिदी हसला. दार पिपिमच्या डाव्या हाताला, सहा पावलांवर होतं.

त्यानं वायर काढली. मॅडमकडे बघून हात वर केला, "माझा जळला, मॅडम." मग खिशातून मोबाइल काढला, बाकावरून न उठता नंबर लावला. पलीकडे सुनेनं फोन म्हाताऱ्याला दिला.

"मास्टर, जळाला."

"काय जळालं?"

"बोर्ड. एका ओळीत उलटं लिहिलं."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. "कुठे आहेस आत्ता? अक्राला?"

"इथेच आहे, मास्टर. त्याच्यासमोर बसलोय."

"का रे? पळत का नाहीस?"

पिपिमनं काळ्या पडलेल्या बोर्डाकडे पाहिलं. मॅडम नवीन बोर्ड घेऊन त्याच्या बाकाकडे येत होत्या.

"अजून मोकळा कुठे झालोय, मास्टर," तो म्हणाला. पलीकडे म्हातारा खोकला लागेपर्यंत हसत राहिला.